हेप्झिबाला सापडलेल्या चार ओळी

विदरसेट, सफोक
१४ जानेवारी १९५१

प्रिय हेस्टर,

अनेक आशीर्वाद. आपल्या मनोऱ्यातल्या आठही घंटा शुक्रवारी पुन्हा जागेवर चढल्या. किड्यांनी पोखरलेला लाकडी सांगाडा गेला, लोखंडी आला. सायलस बगने थोरली घंटा पहिल्यांदा ओढली आणि जाहीर केले, "ही आता माझ्या सासूपेक्षा हलकी झाली!" सासू खाली दारातच उभी होती.

एकतीस मार्चला आम्ही तुझ्या वडिलांचे अखंड वादन पुन्हा करणार आहोत. १९२४ साली घंटांच्या क्रमाची रचना माझ्या भावाची, रुबेनची होती आणि वाजवताना क्रम बदलायच्या हाका माझ्या. दोरांच्या खोलीत त्या वादनाची नोंद म्हणून लावलेल्या फलकावरची सोनेरी अक्षरे लावत लावत तू वाचायला शिकलीस, हे तू विसरली नसशील. रुबेनला जाऊन चोवीस वर्षे होतील. रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बसून त्या माणसाने जे रचले, ते आजही या परगण्यातले सगळ्यात सुंदर काम आहे असे मी मानतो. आठ दोर आहेत आणि माणसे सातच. तिसरा दोर, म्हणजे त्याचा, रिकामा आहे. मी कोणाला विचारतो आहे ते तुझ्या लक्षात आले असेल.

दुसरी गोष्ट. वर्तमानपत्रात वाचले की तुमच्यासारख्यांची यंत्रे आता विचार करू लागली. तुझी मर्सीकाकू म्हणाली, "मग त्यांना आपला बागेचा आराखडा विचारा." मी म्हटले, त्याहून चांगली परीक्षा माझ्याकडे आहे. रुबेनची रचना सोबत जोडतो आहे, माझ्या हस्ताक्षरात. तुझ्या त्या हेप्झिबा यंत्राला दे आणि म्हणावे, काढ चूक. तिला ती सापडणार नाही, हे मी माझ्या दुकानातल्या सगळ्या खोगिरांची पैज लावून सांगतो.

तुझा काका,
एमॉस गॅदरकोल


बर्कशायर
२३ जानेवारी १९५१

प्रिय एमॉसकाकांस,

साष्टांग नव्हे, पण मनापासून नमस्कार. दोराचे नंतर बोलू. हातांना सवय राहिलेली नाही. आव्हान मात्र स्वीकारले.

आधी हेप्झिबाची ओळख करून देते, कारण तुम्ही तिला बहुधा लोखंडी मेंदू समजत आहात. ती म्हणजे टेलिफोन खात्याने टाकून दिलेल्या सातशे रिलेंची भिंत आहे. रिले म्हणजे विजेने चालणारी कडी. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की लोखंडाची पट्टी खेचली जाते आणि दोन टोके एकमेकांना चिकटतात. वीज थांबली की ती सुटतात. एवढेच. बाबांच्या सिग्नलच्या खोलीत एक खटका पडल्याशिवाय दुसरा हलत नसे, ते आठवते ना? तेच तत्त्व येथे सातशे वेळा आहे. ती कामाला लागली की वीस म्हाताऱ्या एकाच खोलीत विणकाम करत बसल्यासारखा आवाज होतो. म्हणूनच तिला हे जुन्या काळच्या आजीबाईंचे नाव पडले.

तिला काहीच ठाऊक नसल्यामुळे मला आपली सगळी विद्या मुळापासून लिहून काढावी लागली. या विद्येबद्दल इतका गाढ अज्ञानी विद्यार्थी मला पहिल्यांदाच मिळाला आणि त्यात मला फार आनंद झाला. जे लिहिले ते तुम्ही तपासून द्यावे:

"घंटा आठ. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत थोरली ती आठवी. प्रत्येक घंटेला एक दोर आणि एक माणूस. आठही घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ झाली. पुढच्या ओळीत क्रम बदलायचा, पण कोणतीही घंटा एका जागेपेक्षा जास्त सरकायची नाही, कारण एवढे वजन हवेत त्याहून जास्त थोपवता येत नाही. बत्तीस ओळींचा एक गट. गटाच्या शेवटी हाका देणारा ओरडला तर क्रम वेगळे वळण घेतो. गप्प राहिला तर नेहमीच्या वाटेने जातो. असे एकशे अठ्ठावन्न गट, म्हणजे पाच हजार छप्पन्न ओळी, सुमारे तीन तास, न थांबता. कागद हातात धरायचा नाही, सगळे डोक्यात. शेवटी पुन्हा एक, दोन, तीन असा सरळ क्रम. आणि मुख्य नियम: एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजता कामा नये. एक जरी ओळ दोनदा आली तरी सगळे वादन खोटे."

हे वाचून आमच्या गणनयंत्र विभागाचे प्रमुख डॉक्टर ऑर्मरॉड म्हणाले, "मिस गॅदरकोल, चुकून परत वाजली तर कोणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही."

"मग?"

"मग काय? ते खोटं असतं."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू बिघाड माझ्यातच आहे.

आता अडचण सांगते. प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येक ओळीशी ताडून पाहायची तर जोड्या होतात एक कोटी सत्तावीस लाखांवर. हेप्झिबाला एका तुलनेला दोन सेकंद लागतात. रविवारसुद्धा न पाळता तिने काम केले तरी जवळजवळ तीनशे दिवस. ऑर्मरॉडसाहेब म्हणतात, "वेग वाढला आणि साठवण वाढली की बुद्धी आपोआप येईल." मला वाटते, हा प्रश्न वेगाचा नसावा. कोणते काम करायचे नाही हे ज्याला समजते त्याच्यापाशी बुद्धी. तुम्ही लोक हाताने कसे तपासत होतात?

तुमची,
हेस्टर


विदरसेट
३० जानेवारी १९५१

प्रिय हेस्टर,

नियम बरोबर लिहिलेस. एवढेच जोड की वादनानंतर बीअर. सायलसचे मत असे की ज्या यंत्राला बीअर लागत नाही त्याला घंटावादन येणे शक्य नाही, आणि बुद्धीची व्याख्या करायची तर येथूनच सुरुवात करावी.

तुझ्या तीनशे दिवसांवर आम्ही मनसोक्त हसलो. अगं, गटाची पहिली ओळ समजली की आतल्या एकतीस ओळी आपोआप ठरतात. मग ओळी कशाला ताडतेस? गट ताड. दोन गटांच्या पहिल्या ओळींमध्ये काही ठरावीक नाती असली तरच आतल्या ओळी जुळू शकतात. त्या नात्यांचा तक्ता रुबेनने मला शिकवला होता. उतरवून पाठवतो आहे. एकशे अठ्ठावन्न गटांच्या जोड्या किती होतात ते तुझे तू मोज. मला वाटते दुपारच्या चहापर्यंत आटोपेल.

एक इशारा. नवशिका काय करतो, तर सगळ्या पहिल्या ओळी वेगवेगळ्या आल्या की वही मिटतो आणि खुशाल झोपी जातो. आतल्या ओळी मात्र तिकडे गुपचूप एकमेकींना भेटलेल्या असतात. यंत्राला असला आळस करू देऊ नकोस.

तू विचारतेस, बुद्धीला काय लागते? खोगीर शिवणारा माणूस म्हणून सांगतो. माझे शिवणयंत्र माझ्यापेक्षा सरळ टाके घालते. पण घोड्याची पाठ सोलवटली तर लाज मला वाटते, शिवणयंत्राला नाही. ज्याला लाज नाही त्याला मी शहाणा म्हणणार नाही, मग ते लोखंडाचे असो की संसदेतले.

सुताराने नव्या फलकासाठी ओकची फळी आणून ठेवली आहे. जुना असेल तेथेच राहील. नवा त्याच्या शेजारी. मी दर रविवारी त्या फलकाखाली उभा राहून माझा दोर ओढतो. रुबेनचे नाव डोक्यावर असले की हात चुकत नाही.

तुझा काका,
एमॉस


बर्कशायर
१९ फेब्रुवारी १९५१

प्रिय एमॉसकाकांस,

उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. तक्ता अप्रतिम आहे. जोड्या बारा हजार चारशे तीन होतात, म्हणजे सात तासांचे काम. ऑर्मरॉडसाहेबांना दाखवला तर त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "तुमचे वडील कोणत्या विद्यापीठात होते?" मी म्हटले, "इप्सविचच्या रेल्वेफाट्यावर." ते विद्यापीठ त्यांनी ऐकलेले नव्हते.

निकाल अजून देता येत नाही. रिलेच्या टोकांमध्ये धूळ बसली की कडी चिकटत नाही आणि मध्येच गणित अडते. आमच्याकडे सध्या तीच तक्रार आहे. सातशे कड्या एकेक करून पुसाव्या लागतात. तुम्ही घाई करू नये. मर्सीकाकूंना बागेच्या आराखड्याबद्दल सांगा की वाटाणे भिंतीकडे लावा. हे मी यंत्राला न विचारता सांगते आहे.

तुमची,
हेस्टर


विदरसेट
२४ फेब्रुवारी १९५१

प्रिय हेस्टर,

तुझे पत्र मी दोरांच्या खोलीत सर्वांसमोर वाचून दाखवले. सायलस म्हणाला, "धूळ? माझ्या फुफ्फुसात सुतारापेक्षा जास्त भुसा आहे, मी कधी अडलो का?" तेव्हा तुझी हेप्झिबा धुळीने हरली आणि रुबेन जिंकला, असा निकाल येथे एकमताने लागला आहे.

घंटावादकांच्या साप्ताहिकात मी सूचनाही छापून घेतली: एकतीस मार्च, विदरसेट, रुबेन गॅदरकोल यांची रचना, सत्तावीस वर्षांनी पुन्हा. नॉर्विचची मंडळी ऐकायला येणार आहेत. आता तू दोराला नाही म्हणू नकोस.

तुझा,
एमॉस


बर्कशायर
२ मार्च १९५१

प्रिय एमॉसकाकांस,

साप्ताहिकातली सूचना पाहिली आणि आता गप्प राहणे शक्य नाही. धूळ नव्हती. धूळ हे माझे निमित्त होते.

घडले ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हाला प्रत्येक पायरी स्वतः तपासता येईल. आठ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता तुमच्या रचनेची छिद्रे पाडलेली कागदी पट्टी यंत्राला दिली. दुपारी तीननंतर थोड्याच वेळात ते एका जोडीवर थांबले. गट सत्त्याण्णव आणि गट एकशे एक्केचाळीस. मला वाटले, कडी अडली असेल. म्हणून तीच पट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. तेथेच थांबले. तिसऱ्या दिवशी पट्टी उलट्या क्रमाने दिली. सकाळीच त्याच जोडीवर थांबले. मग मी यंत्र बंद केले आणि दोन्ही गट हाताने लिहून काढले, तुम्ही मला लहानपणी शिकवलेत तसे, पेन्सिलने, आडव्या कागदावर. चार ओळी दोन्हीकडे आहेत. अक्षरशः त्याच चार. कागद सोबत जोडला आहे. ओळींखाली रेघ मारली आहे.

वादन खोटे आहे, काका.

जोडी सापडल्यावर हेप्झिबाने हे सांगायला अर्धा सेकंदही घेतला नाही. मी तीन आठवडे घेतले. तिला त्या फलकावरून अक्षरे लावायला कोणी शिकवलेले नव्हते. बाबांबद्दल माझ्यापाशी फारसे काही नाही. एक सिग्नलचा कंदील, कोटाचा वास, आणि ते पाच हजार छप्पन्न. ते कमी झाले तर काय उरते, याचा हिशेब मला पट्टीवर मांडता येईना.

हे माझ्याशिवाय आणि ऑर्मरॉडसाहेबांशिवाय कोणालाही ठाऊक नाही. त्यांना त्यातले गांभीर्य कळलेले नाही, ते फक्त आनंदाने म्हणाले, "म्हणजे यंत्र चालतं!" पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवावे. मला माझ्या गणिताची खात्री आहे. बाकी कशाचीच नाही.

तुमची,
हेस्टर


विदरसेट
१२ मार्च

प्रिय हेस्टर,

मी कधी लिहीत नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझे पत्र आल्यापासून तुझे काका जेवणापुरते बोलतात, तेही मीठ मागायला. मंगळवारी एकटेच मनोऱ्यात गेले आणि फलक उतरवून पाठीवर घेऊन आले. पंचाहत्तर पायऱ्या, या वयात! मी म्हटलं, "अहो, सायलसला तरी हाक मारायची." तर म्हणतात, "हाका मीच दिल्या होत्या." आता दुकानात फलक भिंतीला टेकवून समोर बसलेले असतात. परवा मात्र माळ्यावरची रुबेनची पेटी खाली काढून मागितली. रागावलेले नाहीत. एवढेच कळवायचे होते. वाटाणे भिंतीकडेच लावले.

मर्सीकाकू


विदरसेट
१८ मार्च १९५१

प्रिय हेस्टर,

तुझा कागद मी ओळ ओळ तपासला. तुझे बरोबर आहे, यंत्राचे बरोबर आहे. आता मी जे सांगणार आहे ते मी कोणालाही सांगितलेले नाही, मर्सीलासुद्धा नाही.

तुला पाठवलेली रचना रुबेनची नव्हती.

म्हणजे होती, दोन हाका सोडून. रुबेनच्या वहीत एक हाक एकशे बेचाळिसाव्या गटाच्या शेवटी आहे. मी ती दोन गट आधी घेतली, आणि क्रम शेवटी सरळ यावा म्हणून अखेरीची एक हाक पुढे सरकवली. का? कारण तसे केले की शेवटच्या दहा मिनिटांत माझी सातवी घंटा आठवीच्या बरोबरीने चालते आणि फार गोड लागते. नॉर्विचची माणसे खाली अंगणात उभी होती. मला वाटले, त्यांनी माझी घंटा ऐकावी.

तपासले का? तपासले. सगळ्या पहिल्या ओळी वेगवेगळ्या आल्या आणि मी वही मिटली. जानेवारीत तुला ज्या आळशी नवशिक्याची गोष्ट सांगितली तो कोण, हे तुझे पत्र वाचेपर्यंत मलाच आठवत नव्हते. माणूस स्वतःला किती बेमालूम विसरतो!

वादन संपल्यावर रुबेन जिन्यात थांबला होता. म्हणाला, "एमॉस, शेवट बदललास?"

मी म्हटलं, "थोडासा. गोड वाटतो ना?"

"तपासलंस?"

"तपासलंय."

"मग झालं," म्हणाला, आणि खाली उतरला. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. माझ्या शब्दावर त्याने फलकावर स्वतःचे नाव लिहू दिले.

त्या आठांपैकी आता सायलस आणि मी दोघेच जमिनीच्या वर आहोत. काल त्याच्याकडे जाऊन सगळे सांगितले. त्याने हातातले काम बाजूला ठेवले. मग विचारतो, "म्हणजे ते तीन तास खोटे?" म्हटलं, "खोटे." "आणि नंतर प्यालो ती बीअर?" म्हटलं, "ती खरी." "मग सगळंच काही गेलं नाही," म्हणाला, आणि मला बसायला स्टूल दिले.

साप्ताहिकाला हे पाठवले आहे, नक्कल तुझ्यासाठी: "८ नोव्हेंबर १९२४ रोजी विदरसेट येथे झालेले अखंड वादन खोटे असल्याचे आढळले असून ते मागे घेण्यात येत आहे. दोष रचनाकाराचा नाही, हाका देणाऱ्याचा आहे. ३१ मार्चचा बेत रद्द. एमॉस गॅदरकोल." सही धरून तीस शब्दांसाठी मला सगळी दुपार लागली.

रुबेनच्या वहीचे पान सोबत आहे. जपून हाताळ, पेन्सिल पुसट झाली आहे. ते खरे आहे की नाही हे मी हाताने पाहू शकतो. पण माझ्या तपासण्यावर मी आता विसंबणार नाही. हेप्झिबाला दे. तेच खोटे निघाले तर तेही कळव, लगेच कळव, तीन आठवडे लावू नकोस.

एमॉस


बर्कशायर
२७ मार्च १९५१

प्रिय एमॉसकाकांस,

खरे आहे. पहिल्या वाक्यात लिहिले, म्हणजे पुढचे वाचायला तुम्हाला सवड मिळेल. बारा हजार चारशे तीन जोड्या, सहा तास त्रेपन्न मिनिटे, एकही भेट नाही. मी तीनदा चालवले, आणि धोक्याच्या वाटणाऱ्या सर्व जोड्या हाताने पाहिल्या. बाबांची रचना खरी आहे आणि आधीपासूनच खरी होती.

मी त्या सात तासांत यंत्रापाशीच बसले होते. एक गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. तुमची पट्टी चालू असताना जो खडखडाट होता तोच बाबांच्या पट्टीलाही होता. वेग तोच, विणकाम तेच. शेवटी शून्याचा दिवा लागला तेव्हा मी टेबलाला घट्ट धरले होते; तिने फक्त पट्टीचे टोक बाहेर टाकले.

ऑर्मरॉडसाहेबांशी यावरून पुन्हा वाद झाला. ते म्हणाले, "चूक शोधणं हे बुद्धीचं लक्षण नाही का?"

मी म्हटलं, "शोधणं आहे. पण हे यंत्र चूक शोधून थांबलं. माझे काका तिथून पुढे गेले. चूक कुणाची, ती सांगायची कुणाला आणि सांगितल्यावर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं. त्यांना कुणी पट्टी दिली नव्हती."

"उद्याच्या यंत्राला तीही पट्टी देता येईल."

"येईल कदाचित," मी म्हटलं. "येणार नाही असं सिद्ध करायला माझ्यापाशी काही नाही. पण ती पट्टी ज्याला लिहायची आहे त्याने आधी विदरसेटला येऊन एक फलक पाठीवर घेऊन पंचाहत्तर पायऱ्या उतराव्यात. तोपर्यंत त्या पट्टीवर काय लिहायचं हे त्याला कळणार नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले.

काका, तुमच्यावर मला राग आला होता, पूर्ण एक दिवस. मग लक्षात आले की सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही जे केले, तेच मी फेब्रुवारीत केले. विचारले तेव्हा, सगळे ठीक आहे, असे म्हटले. आपण दोघे एकाच घराण्याचे आहोत. त्यातल्या त्यात बाबा निराळे.

बाबांची खरी रचना आता वाजवू या; पाच मेला शनिवार आहे. येथे जवळच्या चर्चमध्ये सहा घंटा आहेत. रोज संध्याकाळी तासभर दोर ओढते आहे. हातांना फोड आले आहेत आणि मी फार खुश आहे. तिसरा दोर कोणालाही देऊ नका.

तुमची,
हेस्टर


विदरसेट
६ मे १९५१

प्रिय हेस्टर,

तुझी गाडी इप्सविचला पोहोचायच्या आत हे लिहायला बसलो आहे. काल वादनानंतर पंक्तीत सगळे बोलत होते आणि मला बोलता आले नाही.

एकशे चाळिसावा गट संपत आला तेव्हा माझी जीभ उचलली गेली होती. सत्तावीस वर्षे मनात घोळवलेली हाक. खोगिरे शिवताना, अंघोळ करताना, तीच. तेवढ्यात समोर तुझे हात दिसले. रुबेन दोर वर सोडताना डावा अंगठा बाहेर ठेवत असे. मी त्याला शेकडो वेळा सांगितले होते, "अंगठा आत घे, तुटेल एखाद दिवशी." तू तसाच ठेवतेस. तुला कोणी शिकवले? मी तोंड मिटले. एकशे बेचाळिसाव्याच्या शेवटी हाक दिली, आणि तू मान हलवलीस. सायलसला वाटले तू त्याला शाबासकी दिलीस. तो अजून त्याच भ्रमात आहे, राहू दे.

शेवट माझ्याइतका गोड नाही, हे खरे. पण त्याच्या आधी एके ठिकाणी तिसरी घंटा सगळ्यांच्या मधून एकटी पुढे येत जाते आणि बाकीच्या तिच्यामागे उतरत येतात. ते मी कधी ऐकलेच नव्हते, कारण माझ्या बदलाने तेवढाच भाग कापला गेला होता. रुबेनने ते स्वतःच्या घंटेसाठी ठेवले होते आणि एका शब्दाने कधी बोलला नाही. काल ती घंटा तुझ्या हातात होती.

तीन तास चौदा मिनिटे.

फलकाचे ठरले. ओकची नवी फळी मी सुताराला परत केली. जुनाच फलक उलटा करून मागची बाजू रंधून घेतली आहे. नवीन अक्षरे तिकडे येतील: रचना रुबेन गॅदरकोल, तिसरी घंटा हेस्टर गॅदरकोल. १९२४ ची अक्षरे भिंतीच्या बाजूला राहतील. ती खरवडू नका, असे मी सांगितले. ज्याला पाहायची असतील त्याने फलक उतरवावा. मला वजन ठाऊक आहे.

यंत्राचे नाव त्यावर घालावे असे पाद्रीबाबांनी सुचवले. मतदान झाले. दोर ओढला नाही त्याचे नाव नाही, असे ठरले. सायलसने बीअरचाही मुद्दा मांडला. मला ते पटले, पण रुखरुख राहिली. तिने मला खोटे पाडले आणि माझ्या भावाला खरे ठरवले, आणि दोन्हींबद्दल काही मागितले नाही.

म्हणून रेल्वेने एक मोठे पार्सल येत आहे. हेप्झिबाच्या अंगावर घालायचे आच्छादन. चांगले मेंढीचे कातडे, दुहेरी टाका, कोपऱ्यावर तिचे नाव ठोकले आहे. मापे तुझ्या जानेवारीतल्या पत्रावरून अंदाजाने घेतली. कमी पडले तर कळव. फेब्रुवारीतली धूळ तू मनाने बसवली होतीस हे मला ठाऊक आहे. पण कधीतरी खरी बसेल.

तुझा काका,
एमॉस